एक वर, एक खाली : वृषणांतील नैसर्गिक वेगळेपण आणि डॉक्टरांकडे जाण्याची वेळ

२०२२ सालच्या उन्हाळ्यात जर्मनीतील वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर एरवी तेथे क्वचितच दिसणारा एक शब्द वारंवार छापून येऊ लागला : ‘होडनक्रेब्स’, म्हणजेच वृषणाचा कर्करोग. मे महिन्यात युनियन बर्लिनचा बचावपटू टिमो बाउमगार्टल, जुलैच्या मध्यावर हेर्था बर्लिनचा मार्को रिश्टर, पाठोपाठ बोरुसिया डॉर्टमुंडने नुकताच करारबद्ध केलेला आघाडीवीर सेबास्तियन हालेर आणि सप्टेंबरात पुन्हा हेर्थाचाच जाँ-पॉल बोएतियुस, अशा बुंडेसलिगातील चार खेळाडूंना काही महिन्यांच्या अंतराने एकाच रोगाचे निदान झाले. चौघांचीही वये २४ ते २८ या दरम्यान होती. बाउमगार्टलचा रोग एका प्रतिबंधक तपासणीत लक्षात आला. हालेरला संघाच्या स्वित्झर्लंडमधील सराव शिबिरात अस्वस्थ वाटू लागले आणि त्यानंतरच्या तपासण्यांत अर्बुद सापडले.

चौघेही पुढे मैदानावर परतले. हालेरला शस्त्रक्रिया आणि रसायनोपचार दोन्हींना सामोरे जावे लागले. तरीही ४ फेब्रुवारी २०२३ रोजी, जागतिक कर्करोग दिनीच, त्याने डॉर्टमुंडसाठी बुंडेसलिगातील पहिला गोल नोंदवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात आयव्हरी कोस्टचा विजयी गोलही त्याचाच होता.

या बातम्यांनी जर्मनीतील अनेक तरुणांना मूत्ररोगतज्ज्ञाच्या दारापर्यंत जाण्याचे धैर्य दिले. त्याचबरोबर एक अगदी मूलभूत प्रश्नही पुढे आला : आपल्या शरीराच्या या भागात नैसर्गिक काय आणि काळजीचे काय, हे सर्वसामान्य पुरुषाला ठाऊक तरी असते का? मराठी घरांत हा विषय वडील मुलाजवळ काढत नाहीत, मित्र आपसांत काढतात तो थट्टेपुरता. भाषेतही या अवयवांसाठी एकीकडे शिवराळ शब्द आहेत, दुसरीकडे पाठ्यपुस्तकी. मधला, घरात सहज उच्चारता येईल असा शब्द जवळपास नाहीच. परिणामी दोन प्रकारचे लोक दिसतात. काही जण पूर्णपणे नैसर्गिक असलेल्या गोष्टीची वर्षानुवर्षे चिंता वाहतात, तर काही जण खरोखरीच्या धोक्याच्या खुणेकडे लाजेपोटी दुर्लक्ष करतात. दोघांनाही उपयोगी पडेल अशी ही माहिती आहे.

रचना कशी असते?

वृषण ही अंडाकृती ग्रंथींची जोडी आहे. प्रौढ पुरुषात प्रत्येक वृषणाची लांबी साधारणतः ४ ते ५ सेंटिमीटर आणि आकारमान १५ ते २५ मिलिलिटर असते. शुक्राणू निर्माण करणे आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्रवणे ही त्यांची दोन कामे. ज्या पिशवीत ते असतात तिला वृषणकोश म्हणतात. बोलीभाषेत ‘अंडकोश’ हा शब्द कधी पिशवीसाठी, तर कधी ग्रंथींसाठी वापरला जातो आणि त्यामुळे डॉक्टरांशी बोलताना घोटाळा होतो.

प्रत्येक वृषणाच्या मागच्या बाजूला, वरून खालपर्यंत चिकटलेली, मऊ दोरीसारखी एक रचना असते. तिला अधिवृषण म्हणतात. शुक्राणू तेथे परिपक्व होतात. स्वतःची तपासणी पहिल्यांदाच करणारे पुष्कळ जण या अधिवृषणालाच गाठ समजून घाबरतात. तेथून वर जाणारी शुक्रवाहिनी बोटांच्या चिमटीत बारीक, टणक तारेसारखी लागते. तीही नैसर्गिकच.

शुक्राणूंच्या निर्मितीला शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअस कमी तापमान लागते. म्हणूनच हे अवयव शरीराबाहेर पिशवीत असतात. थंडीत पिशवी आकसते आणि वृषण वर ओढले जातात. उष्ण पाण्याच्या स्नानानंतर ती सैल पडते. बर्लिनच्या जानेवारीत आणि नागपूरच्या मे महिन्यात एकाच पुरुषाची पिशवी निरनिराळी दिसावी, यात नवल काहीच नाही.

नैसर्गिक फरकांची व्याप्ती

दोन्ही वृषण तंतोतंत सारखे असणे हा नियम नव्हे, अपवाद आहे. बहुतेक पुरुषांत एक वृषण दुसऱ्यापेक्षा खाली असतो आणि तो बहुधा डावा असतो. आकारातही थोडा फरक असतो; सरासरीने उजवा किंचित मोठा भरतो.

या असमानतेकडे पूर्वीच्या लोकांचे लक्ष गेले होते. जर्मन कला-इतिहासकार योहान योआखिम विंकेलमान यांनी १७६४ साली ड्रेस्डेन येथे प्रसिद्ध केलेल्या प्राचीन कलेच्या इतिहासात ग्रीक मूर्तींच्या वर्णनात तिचा उल्लेख केला आहे. पुढे १९७६ मध्ये ब्रिटिश संशोधक ख्रिस मॅकमॅनस यांनी इटलीतील संग्रहालयांतल्या १०७ प्राचीन मूर्ती पाहून ‘नेचर’ या नियतकालिकात टिपण लिहिले. डावा वृषण खाली असतो हे मूर्तिकारांनी बरोबर टिपले होते. मात्र जो खाली तोच जड आणि मोठा असणार, अशा समजुतीने बहुधा त्यांनी डावा मोठा घडवला. प्रत्यक्षात तसे नसते. या टिपणाला २००२ साली ‘इग नोबेल’ हे विनोदी पण सन्मानाचे पारितोषिक मिळाले.

पुढील गोष्टीही सर्वसाधारणपणे नैसर्गिक मानल्या जातात :

– पिशवीची त्वचा शरीराच्या इतर त्वचेपेक्षा गडद, सुरकुतलेली आणि विरळ केसांची असणे. सावळ्या वर्णात हा फरक अधिक ठळक दिसतो.
– पिशवीच्या मधोमध शिवणीसारखी उभी रेघ असणे. गर्भावस्थेत दोन बाजू जुळून आल्याची ती खूण आहे.
– केसांच्या मुळाशी बारीक पांढुरके किंवा पिवळसर ठिपके दिसणे.
– वय वाढेल तसे पिशवीवर लालसर-जांभळे, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके येणे. ते रक्तवाहिन्यांचे निरुपद्रवी फुगवटे असतात. वारंवार रक्त येत असेल तरच दाखवावेत.
– थंडी, भीती किंवा मांडीच्या आतील बाजूला झालेला स्पर्श यांमुळे वृषण वर ओढले जाणे. ही स्नायूची प्रतिक्षिप्त क्रिया आहे.
– वृषण दाबला असता मळमळल्यासारखी विशिष्ट वेदना होणे.

आकार मोजण्यासाठी डॉक्टर एक साधे साधन वापरतात. झुरिकचे बालसंप्रेरकतज्ज्ञ आंद्रेआ प्राडर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही माळ १ ते २५ मिलिलिटर आकारमानाच्या मण्यांची असते. मुलाचा वृषण ४ मिलिलिटरच्या मण्याएवढा झाला की यौवनारंभ झाला असे मानतात. मुलांची वाढ वेगवेगळ्या वयात सुरू होते, त्यामुळे १३ वर्षांच्या दोन वर्गमित्रांत मोठा फरक दिसू शकतो. प्रौढपणी दोन्ही वृषण फारच लहान आणि घट्ट असतील, दाढी-मिशा विरळ असतील किंवा अपत्यप्राप्तीत अडचण येत असेल, तर मात्र संप्रेरकांची तपासणी करून घ्यावी. पुरुषांत एक जास्तीचे एक्स गुणसूत्र असण्याची स्थिती दर ५०० ते १,००० जणांमागे एकाच्या आसपास आढळते आणि कित्येकांना ती असल्याचे आयुष्यभर कळतही नाही.

थोडक्यात, शेजाऱ्याशी किंवा चित्रांतल्या पुरुषाशी केलेली तुलना फारशी उपयोगाची नाही. आपले स्वतःचे नेहमीचे काय आहे हे ठाऊक असणे आणि त्यात झालेला बदल ओळखता येणे, हीच खरी कसोटी.

घातक नसलेली, तरी दाखवण्याजोगी सूज

वृषणकोशातील बहुतेक गाठी आणि सुजा कर्करोगाच्या नसतात. तरीही कोणती कशाची, हे घरी ठरवता येत नाही.

जलवृषण, अर्थात हायड्रोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या आवरणात पाणी साठणे. पिशवी एका बाजूने मोठी, गुळगुळीत, बहुधा वेदनारहित होते. नवजात मुलांत हे पुष्कळदा आढळते आणि पहिल्या वर्षा-दोन वर्षांत आपोआप ओसरते. प्रौढात नव्याने आले तर कारण शोधणे आवश्यक असते. कारण क्वचित पाण्याआड मूळ विकार दडलेला असतो.

शिरांचा फुगवटा, म्हणजेच व्हेरिकोसील, सुमारे १५ टक्के पुरुषांत आढळतो आणि तो बहुतांशी डाव्या बाजूला असतो. डाव्या वृषणाची शीर काटकोनात डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, उजवीची मात्र थेट मोठ्या महाशिरेला. त्यामुळे डावीकडे रक्ताचा दाब अधिक साठतो. उभे राहिल्यावर पिशवीत मऊ, नागमोडी दोऱ्यांचा गुंता हाताला लागतो, आडवे झाल्यावर तो कमी होतो. पुष्कळांना याचा काहीही त्रास होत नाही. मात्र तो अचानक उद्भवला, केवळ उजव्या बाजूला झाला किंवा आडवे पडूनही ओसरला नाही, तर पोटाची सोनोग्राफी करावी लागते. अपत्यासाठी प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांत व्हेरिकोसील हे उपचार करता येण्याजोगे कारण ठरू शकते. किशोरवयात त्या बाजूच्या वृषणाची वाढ खुंटत असेल, तर त्यावरही लक्ष ठेवावे लागते.

अधिवृषणातील पाण्याच्या पुटकुळ्या वृषणाच्या वरच्या-मागच्या बाजूला, वृषणापासून वेगळ्या जाणवतात. त्रास नसेल तर त्यांना उपचार लागत नाहीत. जांघेतून पिशवीत उतरलेली, खोकल्यावर फुगणारी सूज अंतर्गळाची असू शकते. ती अचानक दुखू लागली, आत सरेनाशी झाली आणि उलट्या होऊ लागल्या, तर तो शस्त्रक्रियेचा तातडीचा प्रसंग असतो.

तासांचा प्रश्न : वृषणाचा पीळ

या साऱ्या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ती ही. वृषण ज्या दोरीवजा रचनेला लटकलेला असतो तिला पीळ पडला की त्याचा रक्तपुरवठा बंद होतो. साधारण ६ तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता खूप चांगली असते. त्यानंतर ती झपाट्याने घटते आणि पूर्ण दिवस उलटल्यावर क्वचितच उरते.

हा प्रसंग कोणत्याही वयात येऊ शकतो, पण सर्वाधिक १२ ते १८ या वयात. कधी खेळताना, कधी तर झोपेतच. एका बाजूला एकाएकी तीव्र वेदना, मळमळ किंवा उलटी, वृषण नेहमीपेक्षा वर आणि आडवा झालेला दिसणे, ही त्याची लक्षणे. काही मुलांना वेदना ओटीपोटात जाणवते आणि तेथेच मोठी फसगत होते. लाजेने मुलगा ‘पोट दुखतंय’ एवढेच सांगतो, आई ओवा देते, रात्र सरते आणि सकाळी उशीर झालेला असतो. किशोरवयीन मुलाचे पोट एकाएकी दुखू लागले, तर खाली कुठे दुखते का, हे त्याला सरळ शब्दांत विचारले पाहिजे.

अधिवृषणाचा जंतुसंसर्गही असाच दुखतो. तो सहसा हळूहळू वाढतो. ताप, लघवीला जळजळ सोबत असते आणि प्रतिजैविकांनी बरा होतो. पण दोहोंतला फरक घरी बसून ठरवण्याचा प्रयत्न करू नये. वेदनाशामक गोळी घेऊन वाट पाहणे, दुसऱ्या दिवशीची वेळ घेणे किंवा भारतातील ओळखीच्या डॉक्टरांना छायाचित्र पाठवून उत्तराची प्रतीक्षा करणे, या तिन्हींत तेच मोलाचे तास जातात. वेदना आपोआप थांबली तरी तपासणी टाळू नये. पीळ सुटून पुन्हा पडू शकतो.

दिवसांचा प्रश्न : न दुखणारी गाठ

वृषणाच्या कर्करोगाची सर्वांत नेहमीची खूण म्हणजे खुद्द वृषणात लागणारा टणक, बहुधा न दुखणारा भाग. दुखत नाही म्हणून तो निरुपद्रवी, हा समज उलटा आहे. त्याखेरीज एक वृषण मोठा किंवा जड वाटू लागणे, पिशवीत बोथट दुखणे, छातीची स्तनाग्रे सुजणे वा हुळहुळी होणे आणि रोग पसरला असल्यास पाठदुखी किंवा धाप लागणे, ही लक्षणे असू शकतात.

जर्मनीत दरवर्षी सुमारे ४,००० पुरुषांना हा रोग होतो. एकूण कर्करोगांच्या तुलनेत हा आकडा लहान आहे. परंतु २५ ते ४५ या वयोगटातील पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. जर्मनीत त्याचे प्रमाण वर्षाला एक लाख पुरुषांमागे सुमारे १०, तर भारतात एकाहूनही कमी. भारतात वाढलेल्या पुरुषांनी या रोगाचे नाव फारसे ऐकलेले नसते, त्याचे हे एक कारण. उत्तर युरोपातील स्थलांतरितांच्या अभ्यासांत असे दिसले आहे की पहिल्या पिढीचा धोका मूळ देशासारखा राहतो, पण तेथेच जन्मलेल्या पुढच्या पिढीचा धोका नव्या देशाच्या दिशेने सरकतो. म्हणजे ज्यांना या विषयावर बोलण्याची सवय नाही अशा वडिलांच्या मुलांना याची माहिती अधिक लागणार आहे.

जन्मतः वृषण पिशवीत न उतरणे, वडील किंवा भावाला हा रोग झालेला असणे आणि एका बाजूला तो पूर्वी होऊन गेलेला असणे, ही धोका वाढवणारी ज्ञात कारणे आहेत. चेंडू लागल्याने कर्करोग होत नाही. मार लागल्यावर हात तेथे जातो आणि आधीपासूनची गाठ लक्षात येते, इतकेच.

दिलासा असा की हा सर्वांत बरा होणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. जर्मनीत निदानानंतर पाच वर्षांच्या जगण्याचे सापेक्ष प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक आहे. १९७०च्या दशकात सिस्प्लॅटिन हे औषध आले आणि पसरलेला रोगही बरा होऊ लागला. या औषधावर आधारित उपचारपद्धती रुजवणारे अमेरिकेतील इंडियानापोलिसचे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांचे नाव भारतीय क्रिकेटरसिकांना अपरिचित नसेल. २०१२ साली युवराज सिंगवर त्यांच्याच मार्गदर्शनाखाली उपचार झाले. त्याचे अर्बुद वृषणात नव्हे, तर दोन फुप्फुसांच्या मधल्या भागात होते. मात्र ते वृषणाच्या कर्करोगाच्याच कुळातले होते. त्याच वर्षी तो पुन्हा भारताकडून खेळला.

निदानासाठी हाताने तपासणी, सोनोग्राफी आणि रक्तातील काही द्रव्यांची मोजणी केली जाते. संशय बळावल्यास जांघेतून छेद घेऊन तो वृषण काढतात. उरलेला एक वृषण निरोगी असेल तर संप्रेरकांची गरज आणि पितृत्वाची क्षमता बहुधा टिकून राहते. तरीही उपचारांपूर्वी शुक्राणू गोठवून ठेवण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. प्रजननक्षमतेला अपाय करणाऱ्या उपचारांपूर्वी ही सोय जर्मनीतील सार्वजनिक आरोग्यविम्यातून मिळण्याचा हक्क २०१९च्या कायद्याने दिला असून २०२१ पासून तो अमलात आला आहे.

स्वतःची तपासणी : किती आणि कशी?

येथे तज्ज्ञांत एकमत नाही. जर्मनीतील मूत्ररोगतज्ज्ञ तरुणांना महिन्यातून एकदा स्वतः तपासण्याचा सल्ला देतात. उलट अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने २०११ साली लक्षणे नसलेल्या पुरुषांच्या नियमित चाचणीविरुद्ध मत दिले. रोग दुर्मीळ, उपचार प्रभावी आणि अनावश्यक तपासण्यांची चिंता मोठी, हा त्यामागचा विचार. पण दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे : बदल जाणवला, तर तो दाखवलाच पाहिजे.

पद्धत सोपी आहे. गरम पाण्याच्या स्नानानंतर, पिशवी सैल असताना, प्रत्येक वृषण अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवून पाहावा. पृष्ठभाग गुळगुळीत, साल काढलेल्या उकडलेल्या अंड्यासारखा लवचीक लागतो. मागची मऊ दोरी अधिवृषणाची. खुद्द वृषणाच्या पृष्ठभागावर किंवा आत खड्यासारखे काही लागले, तर ते नव्याने पुनःपुन्हा दाबून पाहण्यात अर्थ नाही, वेळ घ्यावी.

भारतातून सोबत आलेली पार्श्वभूमी

जर्मन डॉक्टरांना रोज न दिसणाऱ्या तीन गोष्टी मराठी रुग्णाने आपणहून सांगायला हव्यात.

पहिली, हत्तीरोग. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हा डासांमार्फत पसरणारा कृमिरोग दीर्घकाळ ठाण मांडून आहे. तेथील सामुदायिक औषधवाटप अनेकांना आठवत असेल. पुरुषांत त्याचा सर्वांत नेहमीचा परिणाम पाय सुजणे हा नसून जलवृषण हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात अडीच कोटींहून अधिक पुरुषांना त्यामुळे जलवृषण आहे. संसर्गानंतर सूज दिसायला वर्षे लागू शकतात. म्हणून पूर्व विदर्भात बालपण गेलेल्या माणसाने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

दुसरी, गालगुंड. भारताच्या राष्ट्रीय लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. ती खासगी डॉक्टरांकडे घेतली असेल तरच मिळालेली असते. लस न घेतलेल्या, वयात आलेल्या पुरुषाला गालगुंड झाल्यास अंदाजे १५ ते ३० टक्के प्रसंगी वृषणदाह होतो. बहुधा तो एकाच बाजूला होतो आणि पूर्ण वंध्यत्व क्वचितच येते, पण वृषण आक्रसू शकतो. जर्मनीत १९७० नंतर जन्मलेल्या आणि गोवराच्या लसीबाबत खात्री नसलेल्या प्रौढांना गोवर-गालगुंड-रुबेला अशी एकत्रित लस देण्याची शिफारस आहे. घरच्या डॉक्टरांकडे ती विचारता येते.

तिसरी, क्षयरोग. प्रतिजैविके घेऊनही अधिवृषणाची सूज हटत नसेल, तर क्षयाची शक्यता तपासावी लागते. स्वतःला किंवा घरात कोणाला पूर्वी क्षय झाला असल्यास तो लपवू नये.

सावळ्या त्वचेवर लालसरपणा गोऱ्या त्वचेइतका उठून दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ‘लाल झालेले नाही’ म्हणजे दाह नाही, असे होत नाही. मधुमेह असलेल्या पुरुषाला या भागात झपाट्याने वाढणारी सूज, ताप आणि असह्य वेदना झाल्यास ती तातडीची स्थिती समजावी.

लहान मुले

पूर्ण दिवसांच्या सुमारे ३ टक्के नवजात मुलांत एक किंवा दोन्ही वृषण पिशवीत उतरलेले नसतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण बरेच अधिक असते. पहिल्या सहा महिन्यांत काहींचे आपोआप उतरतात. त्यानंतर थांबू नये. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास उपचार पूर्ण व्हावेत, अशी जर्मनीतील शिफारस आहे. ‘मोठा झाला की उतरेल’ हा आजी-आजोबांचा दिलासा येथे उपयोगाचा नाही, कारण उशिराने प्रजननक्षमता घटते आणि पुढील काळातील कर्करोगाचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेनंतरही मुलाला मोठेपणी याची कल्पना द्यावी.

याहून वेगळी स्थिती ‘पेंडलहोडन’ची, म्हणजे लंबकासारख्या वर-खाली होणाऱ्या वृषणाची. गरम पाण्यात तो खाली येतो आणि तेथे राहतो. ही नैसर्गिक मर्यादेतली गोष्ट आहे. मात्र असा वृषण पुढे कायमचा वर जाऊ शकतो, म्हणून बालरोगतज्ज्ञांच्या ठरलेल्या तपासण्यांत त्याची नोंद घेतली जाते. १२ ते १४ या वयातील ‘योट आइन्स’ ही तपासणी सार्वजनिक विम्यात येते आणि मुलगा तिला एकटाही जाऊ शकतो. पालकांनी त्या वेळी बाहेर बसण्याची तयारी दाखवली, तर मुलाला विचारायचे ते विचारता येते.

जर्मनीत कोणाकडे जावे?

अकस्मात तीव्र वेदना झाल्यास थेट रुग्णालयाच्या ‘नोटआउफनामं’ या आपत्कालीन विभागात जावे. शक्यतो मूत्ररोग विभाग असलेल्या रुग्णालयात. स्वतः जाता येत नसेल तर ११२ हा क्रमांक फिरवावा. दारात सांगायचे वाक्य एवढेच : ‘इश हाबं प्ल्योत्सलिश श्टार्कं होडनश्मेर्त्सन.’ मला एकाएकी वृषणात तीव्र वेदना होत आहेत, असा त्याचा अर्थ.

गाठ किंवा सूज असल्यास ‘हाउसआर्त्स्ट’, म्हणजे घरचे डॉक्टर, किंवा थेट ‘उरोलोगं’, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञ, यांच्याकडे वेळ घ्यावी. थेट तज्ज्ञाकडे जाण्यास एरवी शिफारसपत्र लागत नाही. मात्र ‘हाउसआर्त्स्टमोडेल’ या योजनेत नाव नोंदवलेले असेल तर ते लागते. दूरध्वनीवर ‘तपासणीसाठी वेळ हवी’ असे मोघम सांगितल्यास दोन महिन्यांनंतरची तारीख मिळू शकते. ‘इश हाबं आयनन क्नोटन आम होडन गेटास्टेट’, म्हणजे वृषणाला गाठ लागली आहे, असे स्पष्ट सांगितल्यास बहुधा काही दिवसांत बोलावले जाते. वेळ मिळतच नसेल, तर घरच्या डॉक्टरांकडून तातडीचा संकेतांक असलेले शिफारसपत्र घेऊन ११६११७ या सेवेमार्फत वेळ ठरवता येते.

सार्वजनिक विम्यात पुरुषांच्या जननेंद्रियांची वार्षिक प्रतिबंधक तपासणी ४५व्या वर्षापासून मिळते. वृषणाचा कर्करोग त्याआधीच्या वयात अधिक होतो, हे ध्यानात घेतले की तरुणांनी स्वतःच सावध राहणे का आवश्यक आहे ते उमगते. लक्षण असताना केलेल्या सोनोग्राफीचा खर्च विमा देतो. लक्षण नसताना केवळ खात्रीसाठी करून घेतल्यास तो बहुधा स्वतः भरावा लागतो.

तपासणी पुरुष डॉक्टरांनी करावी, अशी विनंती करण्यात गैर काही नाही. आपत्कालीन प्रसंगी मात्र त्यासाठी थांबू नये. डॉक्टरांवर गुप्ततेचे कायदेशीर बंधन असते. आजारपणाच्या रजेच्या नोंदीतील निदान नोकरी देणाऱ्या कंपनीपर्यंत पोहोचत नाही.

कधी जावे, याचा सारांश

ताबडतोब, रात्र असली तरी : एकाएकी तीव्र वेदना, वेदनेबरोबर मळमळ वा उलटी, मार लागल्यानंतर न थांबणारी वेदना किंवा वाढती सूज, आत न सरणारा दुखरा अंतर्गळ, ताप आणि झपाट्याने पसरणारी सूज.

काही दिवसांच्या आत : वृषणात टणक भाग किंवा गाठ, एका बाजूचा आकार वाढणे अथवा कमी होणे, नव्याने आलेली सूज, लघवीच्या जळजळीसह मंद दुखणे, स्तनाग्रांची नवी सूज.

सवडीने, पण नक्की : त्रास न देणारा शिरांचा गुंता, पूर्वीपासूनचे जलवृषण, वर्षभर प्रयत्न करूनही अपत्य न होणे, लहानपणी वृषण उतरवण्याची शस्त्रक्रिया झालेली असणे.

जाण्याची गरज नाही : एक वर आणि एक खाली, किंचित लहान-मोठे, गडद, सुरकुतलेली त्वचा, थंडीत आकसणारी, उष्णतेत सैलावणारी पिशवी.

या शेवटच्या ओळीतील गोष्टींची चिंता सोडता आली, तर पहिल्या ओळीतल्या प्रसंगी धावत जाणे सोपे होते. आणि घरात वाढता मुलगा असेल, तर ही यादी त्याला वाचायला द्यावी. मध्यरात्री वेदना झाल्यास लाज न बाळगता आई-वडिलांना उठवायचे, एवढे जरी त्याला आधी सांगून ठेवले, तरी ते सहा तास त्याच्या हाती राहतात.